चकचकीत व्हिट्रिफाइड की कोटा: कोकणातल्या घरासाठी

घराचं प्लास्टर उरकत आलं की जमिनीचा विषय निघतो, आणि चार दुकानं फिरून झाल्यावर तो बहुतेक दोन नावांवर येऊन थांबतो: चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, नाहीतर राजस्थानातून येणारा कोटा दगड. लाकडी लॅमिनेट वाळवीच्या आणि खाऱ्या दमट हवेच्या मुलखात मनातही आणू नये असं मला वाटतं. देवगड तालुक्यात घर बांधताना मी या दोहोंतून कोटा निवडला आहे. त्याआधी बरेच पावसाळे थोरल्या भावाच्या घरी व्हिट्रिफाइडवर काढले. दोन्ही जमिनींवर वावरलो आहे, म्हणून लिहितो.

व्हिट्रिफाइडची बाजू आधी, कारण ती कमजोर नाही. ही टाइल पाणी जवळपास पीतच नाही. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात याला मोल आहे. वहिनी मे महिन्यात आमसुलं घालते, फणस फोडते, लोणचं कालवते, आणि संध्याकाळी ओलं फडकं फिरवलं की जमीन सकाळसारखी. चिकाला तेवढा तेलाचा हात लावावा लागतो. दुसरा गुण उजेडाचा. उतरत्या छपराच्या, पुढे पडवी असलेल्या घरात माजघर भर दुपारीही काळोखं असतं. पांढरी टाइल दारातला उजेड मागच्या भिंतीपर्यंत नेते. कामही लवकर उरकतं. गुजरातेतल्या मोरबीचा माल तालुक्याच्या गावी मिळतो, लादीवाला येतो, लावतो, सांधे भरतो आणि जातो.

आता ती एक गोष्ट, जिच्यामुळे मी पलीकडे गेलो.

मृग लागतो. पहिला दमदार पाऊस होऊन गेलेला असतो, वारा समुद्रावरून येत असतो, आणि सकाळी उठून पाय खाली ठेवावा तर जमीन ओली. छप्पर गळलेलं नाही, कोणी पाणी सांडलेलं नाही. लादीला घाम सुटलेला असतो. हवा 30 अंशांवर आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटायला लागतं ते, साधारण 27 अंशांवर येतो. जमीन त्याहून गार असली की हवेतलं पाणी तिच्यावर बसणारच, आणि तळमजल्याची जमीन मातीला टेकलेली असल्यामुळे हवेपेक्षा गारच राहते. चकचकीत टाइलवर हा ओलावा सलग पातळ थर धरतो आणि तळव्याला पकड म्हणून काही उरत नाही.

दादाच्या घरात पडून कोणाचं हाड मोडलं नाही, देवाची कृपा. मला सलत राहिली ती गोणपाटं. घाम सुटायला लागला की माळ्यावरची गोणपाटं खाली यायची. स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत, ओटीवरून देवघरापर्यंत त्यांची वाट अंथरली जायची. सत्तरी ओलांडलेली आई त्या वाटेवरूनच चालायची. मधे उघडी लादी आली की भिंतीचा आधार शोधायची. आषाढात गोणपाट वाळत नाही. दोन दिवसांत त्याला कुबट वास येतो, खाली काळी बुरशी धरते, उचलावं तर गोम निघते. चुलीपाशी आळीपाळीने शेकवत ठेवण्याचं एक जास्तीचं काम वहिनीच्या मागे लागलं. जी जमीन तिच्या तकाकीवर भाळून घेतली, ती पावसाळाभर गोणपाटाखाली. गणपतीला गोणपाटं उचलायची, कारण पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच मुंबईची पोरं ओल्या पायांनी खळ्यातून धावत आत येतात. आरती चालू असताना वहिनीचं लक्ष दाराकडे लागलेलं मी दर वर्षी पाहिलं आहे.

घाम कोट्यालाही सुटतो. तोही दगडच, तोही जमिनीला टेकलेला. माझ्या घरात जूनमध्ये कोटा काळपट पडतो, हात फिरवला तर हाताला ओल लागते. पण पाय धरतो. हे मी मोजलेलं नाही. माझ्या आणि आईच्या तळव्यांना जे जाणवतं ते सांगतो. ती आता माजघरातून भिंत न धरता जाते. दारातल्या पायपुसण्याखेरीज माझ्या घरात पावसाळ्यात जमिनीवर काही अंथरलेलं नसतं.

याला एक अट आहे, आणि ती फार महत्त्वाची आहे: कोट्याला आरशासारखं पॉलिश करून घ्यायचं नाही. मशीनवाला जाड दगडापासून सुरुवात करून बारीक बारीक नंबर चढवत जातो. वरचे नंबर आणि शेवटचा ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा हात झाला की कोटाही टाइलइतकाच निसरडा. गिऱ्हाइकांना चमक आवडते, म्हणून त्याचा हात आपोआप तिकडे वळतो. एका कोपऱ्यात दोन लाद्यांवर नमुना करून घ्या, त्यावर पाणी टाकून अनवाणी उभे राहा आणि मग कुठे थांबायचं ते सांगा. हे पॉलिश होत असताना कोणीतरी घरचं माणूस तिथे हवंच.

मग मॅट टाइल का नाही, असं कोणीही विचारेल, आणि विचारावंच. आर 10, आर 11 अशी पकडीची प्रत लिहिलेली मॅट टाइल मिळते. माझ्या न्हाणीत तीच आहे आणि तिथे मी तिच्यावर खूश आहे. सगळ्या घराला मात्र घ्यावीशी वाटली नाही, ती आपल्या तांबड्या मातीमुळे. जांभ्याच्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, कण अगदी बारीक. खरखरीत मॅटच्या खाचांत तो बसतो, फडक्याने निघत नाही, नुसता पसरतो. ब्रश घ्यावा लागतो. साधे पांढरे सांधे तर एका पावसाळ्यात विटकरी होतात. ज्यांच्या खळ्यात चिऱ्याची किंवा काँक्रीटची फरसबंदी आहे, त्यांना कदाचित एवढा त्रास होणार नाही. कोट्यात लाद्या एकमेकींना चिकटून बसतात, सांधे रंगीत सिमेंटने भरून लादीबरोबरच घासले जातात, त्यामुळे खाच राहत नाही आणि कडाही वरखाली लागत नाहीत.

कोट्याचे दोष लपवण्यात अर्थ नाही. तो चुनखडीचा दगड, आंबट त्याला खपत नाही. आगळ, लिंबू, कैरीचं पाणी, चिंचेचा कोळ, काहीही सांडून तसंच राहिलं की तिथे निस्तेज पांढुरका डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही. तेवढी जागा पुन्हा घासावी लागते. आमच्याकडे आमसुलं आता मागच्या पडवीत होतात. संडासाचं अ‍ॅसिड तर या जमिनीच्या जवळही आणू नये. घरात रोज माशांना आगळ लावलं जात असेल आणि सगळं काम खाली बसून होत असेल, तर स्वयंपाकघरापुरती मॅट टाइल घ्यावी असं मीही सांगेन. आमच्या घरी सगळं ओट्यावर चालतं, म्हणून निभावतं.

दुसरा दोष पापुद्र्यांचा. कोटा थरांचा दगड आहे, खालून ओल आणि क्षार आले की वरचा थर सुटतो. माल उतरवून घेताना प्रत्येक लादी ठोकून बघा. भरीव आवाज आला पाहिजे. तिसरा दोष पॉलिशच्या राड्याचा: ओल्या घासणीची करडी पातळ माती भिंतींवर उडते, दारांच्या चौकटींत शिरते. रंगाचा शेवटचा हात म्हणूनच पॉलिशनंतर द्यावा. आणि खर्च. राजस्थानातून येणारं भाडं, जाड माल आणि पॉलिश धरलं तर कोटा साध्या व्हिट्रिफाइडपेक्षा स्वस्त पडेलच असं नाही.

कुठलीही जमीन घ्या, खालचं काम नीट नसेल तर दोन्ही फसतात. जोत्यातली भर निदान एक पावसाळा बसलेली असावी. तांबडी माती आणि चिऱ्याचे तुकडे भरून, पाणी मारून, धुम्मस केली तरी ती पहिल्या पावसात आणखी खचते. भरीवर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर काँक्रीट, मग लादी. जुन्या घरात ओल खालून येते की हवेतून, हे आधी ठरवा: हातभर प्लास्टिक जमिनीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या खाली दिसलं तर ते जमिनीतून येतंय, वर दिसलं तर हवेतलं. खालून येत असेल तर कोटा टाकू नका, तो पापुद्रे सोडेल. व्हिट्रिफाइडच्या बाबतीत लादीवाल्याला चार कोपऱ्यांत सिमेंटच्या मालाचे गोळे ठेवून टाइल बसवू देऊ नका. ही टाइल पाणी पीत नसल्याने सिमेंट तिला धड पकडत नाही, पोकळी राहते आणि एखादा नारळ हातातून निसटला की तिथेच तडा. अ‍ॅडेसिव्ह पूर्ण पाठीला लागला पाहिजे. शिवाय चार-पाच टाइल जास्तीच्या ठेवा; पुढच्या खेपेला तीच छटा मिळणं कठीण. कोट्यात तडकलेली लादी बदलून घासली की वर्षभरात बाकीच्यांत मिसळते.

लाल कोब्याचं, म्हणजे लाल रंग घालून घोटलेल्या सिमेंटच्या जमिनीचं म्हणाल तर मला तो मनापासून आवडतो. जुन्या घरांतला तळहातांनी गुळगुळीत झालेला कोबा पाहिला की पाऊल आपोआप हळू पडतं. पण तो करणारा हात हवा. गवंडी सवयीचा नसेल तर केसासारख्या भेगा येतात आणि नंतर जुळत नाहीत. तुमच्या गावात असा जुना गवंडी अजून काम करत असेल तर निदान ओटी त्याच्याकडून करून घ्या.

वरच्या मजल्याला घाम कमी सुटतो, तिथे व्हिट्रिफाइड खुशाल घ्यावी, हलकीही पडते. घरात म्हातारं माणूस नसेल, घर वर्षातून गणपती-शिमग्यालाच उघडत असेल, तरी व्हिट्रिफाइड सोयीची, कारण बंद घरात तिची देखभाल काहीच नाही. बारमाही राहतं घर, तळमजला आणि पायऱ्या चढताना कठडा धरणारं कोणी घरात असेल, तर मी कोट्याकडेच बोट दाखवीन. काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे पॉलिश होऊन जमीन मे महिन्याच्या आत पूर्ण वाळते, आणि मृगाच्या पहिल्या घामाला ती तयार असते.