मॅकॉनेल की कॅनव्हन? प्रकल्पासाठी दोन गणित शिक्षक

एम.ए.च्या प्रकल्पासाठी ‘शिक्षक ते राजकारणी’ असा विषय घेतला आणि स्कॉटलंडपाशी येऊन थांबलात, तर दोन नावं समोर येतात: जॅक मॅकॉनेल आणि डेनिस कॅनव्हन. दोघंही गणित शिकवायचे, दोघंही मजूर पक्षाचे आणि दोघांचीही सुरुवात स्टर्लिंगच्या जिल्हा परिषदेतून झाली. पुढे मात्र एक जण सरकारचा प्रमुख झाला आणि दुसऱ्याला त्याच पक्षाने उमेदवारी नाकारली.

मॅकॉनेल 1983 ते 1992 ॲलोआच्या लॉर्न्सहिल अकॅडमीत शिकवत होते आणि त्याच काळात परिषदेचे नेतेही झाले. 1992 मध्ये शाळा सोडली ती स्कॉटिश मजूर पक्षाचे सरचिटणीस होण्यासाठी. 1999 मध्ये नव्या स्कॉटिश संसदेत मदरवेल अँड विशॉमधून निवडून आले, लगेच अर्थमंत्री झाले आणि पुढच्या वर्षी शिक्षणमंत्री. तुमच्या विषयाचा गाभा इथेच आहे. 2000 मध्ये परीक्षा मंडळाच्या गोंधळामुळे हजारो विद्यार्थ्यांचे निकाल चुकीचे लागले किंवा लांबले. ते निस्तरायचं काम एका माजी शिक्षकावर आलं. 2001 मध्ये शिक्षकांशी करारही त्यांच्याच कारकिर्दीत झाला: पगारात टप्प्याटप्प्याने सुमारे 23 टक्के वाढ आणि आठवड्याला 35 तासांचं काम. आपल्याकडच्या शिक्षक संघटनांच्या माणसाला या तपशिलात नक्की रस वाटेल.

नोव्हेंबर 2001 ते मे 2007 ते फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटलंड सरकारचे प्रमुख, होते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी (मार्च 2006), मलावीशी सहकार्याचा करार, स्थानिक निवडणुकांसाठी प्रमाणशीर मतदान, असं बरंच काही त्यांच्या नावावर आहे. 2007 मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला 47 आणि मजूर पक्षाला 46 जागा मिळाल्या. एका जागेने सत्ता गेली. आता ते ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, बसतात.

कॅनव्हन वयाने 18 वर्षांनी मोठे. स्टर्लिंगच्या सेंट मोडन्स शाळेत ते गणित विभागप्रमुख होते. ऑक्टोबर 1974 मध्ये खासदार झाले आणि पुढची 26 वर्षं लंडनच्या संसदेत मागच्या बाकावर, म्हणजे मंत्रिपदाविना, काढली. पक्षाविरुद्ध मत द्यायला ते कचरत नसत. स्कॉटिश संसदेच्या उमेदवारांची यादी ठरली तेव्हा पक्षाच्या निवड समितीने त्यांना बाहेर ठेवलं. ते फॉकर्क वेस्टमधून अपक्ष उभे राहिले आणि त्या निवडणुकीत साऱ्या स्कॉटलंडमधलं सर्वांत मोठं मताधिक्य घेऊन आले. 2003 मध्ये पुन्हा निवडून आले.

या दोन वाटा एकदाच ठळकपणे भिडतात. सेंट अँड्र्यूज दिवशी (स्कॉटलंडच्या संरक्षक संताचा दिवस, 30 नोव्हेंबर) बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, असावी असं खासगी विधेयक कॅनव्हन यांनी आणलं. 2005 मध्ये मॅकॉनेल सरकारची साथ नव्हती, पण अखेर तडजोड निघाली आणि 2007 मध्ये कायदा झाला. सुट्टी द्यायलाच हवी अशी सक्ती मालकांवर नाही, त्यामुळे विजय अर्धामुर्धाच म्हणावा लागेल.

मग निवडायचं कुणाला? सत्तेतल्या शिक्षकाने शिक्षणखात्याचं काय केलं, असा प्रश्न असेल तर मॅकॉनेलना पर्याय नाही. पण त्यात धोरणं इतकी आहेत की पसारा आवरणं कठीण, आणि 60 पानांचा प्रकल्प माहितीपुस्तिका होऊन बसतो. पक्षशिस्त आणि मतदारसंघ यांच्यातला ताण हा विषय चालणार असेल, तर मी कॅनव्हन घ्यायला सांगेन: प्रश्न एकच आणि धारदार. निकालही आकड्यांत मिळतो. साधनांची अडचण दोघांच्याही बाबतीत नाही. संसदेच्या चर्चांचे वृत्तांत इंटरनेटवर मोफत आहेत, शिवाय कॅनव्हन यांचं आत्मचरित्र आहे. ते मात्र एका बाजूने लिहिलेलं आहे हे धरूनच वाचा.