चेट्टिनाड चिकन की केरळची वरुत्तरच्च करी?

चेट्टिनाड म्हणजे तमिळनाडूतला कारैक्कुडीभोवतीचा भाग; तिथल्या चिकनची खरी ओळख नुसत्या तिखटात नाही, ती मिरी, बडीशेप आणि दगडफुलाच्या वासात आहे. दगडफूल आपल्या गोड्या मसाल्यातही असतं, त्यामुळे कारैक्कुडीकडचा हा रस्सा घरी जमतो. मसाला मंद आचेवर कोरडाच भाजा; दगडफूल अगदी शेवटी, पटकन करपतं. अर्धा किलो चिकनला १ चमचा मिरी पुरे.

वरुत्तरच्च म्हणजे भाजून वाटलेलं. ओलं खोबरं, छोटे कांदे, कढीपत्ता तांबूस होईस्तोवर परतायचं, १५-२० मिनिटं हात थांबवायचा नाही. मालवणी वाटणाची सवय असेल तर सोपं. तेल मात्र खोबरेलच. शेंगदाण्याच्या तेलात ती चव येत नाही.

घाईत चेट्टिनाड बरं. रविवारी मी केरळचीच करते, आणि मुद्दाम थोडी उरवते.