२५ हजारात आकाशाचे फोटो: फोन, जुना डीएसएलआर की ग्रहांचा छोटा कॅमेरा?

मित्राच्या पोराने मागच्या आठवड्यात विचारलं, काका २५ हजार साठवलेत, टेलिस्कोपला लावायला कुठला कॅमेरा घेऊ? मी म्हटलं टेलिस्कोप कुठलाय रे तुझा, तर म्हणे तो नंतर घेणार आहे. आता काय बोलणार. पण खरं सांगायचं तर माझीही सुरुवात अशीच उलटी झालेली आणि हाच प्रश्न फिरून फिरून येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. फोन, सेकंड हँड घेतलेला कॅनन १३००डी (हा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि यूएसबीवर चालणारा ग्रहांचा छोटा कॅमेरा, तिन्ही मी सोलापुरातल्या गच्चीवर आणि गावाबाहेरच्या माळावर वापरलेत, त्यामुळे जे सांगतोय ते इथल्या उन्हाळ्या-हिवाळ्यातलं आहे, थंड देशातल्या व्हिडिओतलं नाही.

फोनचं आधी उरकून घेऊ. बहुतेक फोनमध्ये आता प्रो मोड असतो, शटर १०-१५ सेकंद उघडं ठेवता येतं, छोटा ट्रायपॉड आणि ३ सेकंदांचा टायमर लावला की मृग नक्षत्र, कृत्तिका, व्याध सगळं येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता तेव्हा परतीच्या पावसाने नुसता वैताग आणलेला, एका संध्याकाळी ढगांत फट पडली ती जेमतेम दहा मिनिटं, डीएसएलआर बॅगेतून निघेपर्यंत पुन्हा झाकलं असतं, फोन खिशात होता म्हणून फोटो मिळाला. टेलिस्कोपच्या आयपीसला (डोळा लावतो ते भिंग) फोन होल्डर लावून चंद्रही झकास येतो. पण फोन स्वतःच्या अकलेने फोटो गुळगुळीत करतो, बारीक तारे नॉईज (फोटोतले खोटे ठिपके) समजून पुसून टाकतो, काही फोन तर चंद्र दिसला की खड्डे स्वतःच रंगवतात, मग तो फोटो तुमचा किती आणि फोनचा किती हे तुम्हीच ठरवा. फोनसाठी वेगळे पैसे मात्र घालू नका. जो आहे त्यावर एक हिवाळा काढा, रात्री साडेअकराला गच्चीवर थांबायची हौस टिकते का ते फुकटात कळतं.

आता खरी लढत, डीएसएलआर की छोटा कॅमेरा.

लोक मेगापिक्सेलवरून ठरवतात तिथेच गडबड होते. तुम्हाला काय टिपायचंय त्यावर हे ठरतं. गुरू, शनी, मंगळ हे आकाशात इवलेसे असतात. गुरू साधारण ४५ विकला धरा (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला), माझ्या १२०० मिमी फोकल लेन्थच्या डॉब्सोनियनवर (हाताने फिरवायचा आरशाचा टेलिस्कोप) डीएसएलआर लावला तर ५१८४ पिक्सेल रुंदीच्या फोटोत गुरू येतो जेमतेम ६० पिक्सेलचा, बाकी सगळा काळा पडदा! आणि हवा सतत हलत असते त्यामुळे एका फोटोत पट्टे धड दिसतच नाहीत. ग्रहांची पद्धत वेगळी, व्हिडिओ काढायचा, हजारो फ्रेम घ्यायच्या, त्यातल्या चांगल्या १०-२० टक्के ऑटोस्टॅकर्ट नावाच्या सॉफ्टवेअरने निवडून एकावर एक चढवायच्या, मग रेजिस्टॅक्सने धार काढायची. छोटा कॅमेरा सेकंदाला ६० फ्रेम देतो, २ मिनिटांत ७ हजारांच्या वर झाल्या. गुरू १० तासांच्या आत एक गिरकी घेतो, म्हणून दोन-तीन मिनिटांच्या पुढे गेलात तर पट्ट्यांमधले डाग फराटतात. डीएसएलआरचा नेहमीचा व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो, त्यात हे जमत नाही, लॅपटॉपवर लाइव्ह व्ह्यूचा झूम रेकॉर्ड करायची युक्ती आहे आणि ती चालतेही, पण ते म्हणजे कामचलाऊ.

मग छोटाच घ्यावा की! थांबा. त्याचा सेन्सर असतो ४.८ बाय ३.६ मिमी, शेंगदाण्यापेक्षा लहान. माझ्या टेलिस्कोपवर त्यात आकाशाचा १४ कलांचा तुकडा मावतो, चंद्र असतो ३० कलांचा, म्हणजे अख्खा चंद्र कधीच येत नाही, तुकडे काढून जोडत बसायचे. डीएसएलआरमध्ये तोच चंद्र पूर्ण बसून वर जागा उरते. आणि साध्या डॉब्सोनियनला मोटर नसते, आकाश मिनिटाला १५ कला सरकतं, म्हणजे गुरू या टोकाकडून त्या टोकाला ५५ सेकंदांत पार, ३ एक्स बार्लो (प्रतिमा तिप्पट मोठी करणारी लेन्स) लावली तर १८ सेकंद. एका हाताने नळी ढकलायची, दुसऱ्या हाताने माऊस, आणि डोळे लॅपटॉपवर. पहिल्या रात्री मला गुरू स्क्रीनवर आणायलाच पाऊण तास लागला, आला तेव्हा मी आनंदाने स्टूल हलवलं आणि गेला. जमतं सगळं, सवयीने जमतं, पण सवय व्हायला महिना जातो हे दुकानात कोणी सांगत नाही.

शिवाय लॅपटॉप लागतोच. बरेच जण हा खर्च धरतच नाहीत. छोट्या कॅमेऱ्याला ना स्क्रीन ना मेमरी कार्ड ना बॅटरी, तो नुसता डोळा आहे. जुन्या लॅपटॉपचा यूएसबी २ पोर्ट असेल तर ६० फ्रेम विसरा, आणि त्याची बॅटरी माळावर ४० मिनिटांत मान टाकते. गच्चीवर प्लग असेल त्याच्यासाठी हा कॅमेरा चांगला. आणि ग्रहांना अंधार लागत नाही, भर शहरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या गच्चीतूनही शनीची कडी निघतात, गाडी काढून बाहेर जायची गरजच नाही, हा त्याचा मोठा फायदा.

डीएसएलआरचं गणित याच्या बरोबर उलटं. त्याला टेलिस्कोप नसला तरी चालतं, लॅपटॉप तर नकोच, एक बॅटरी सोबत एक जादा, ट्रायपॉड, झालं. पण त्याला अंधार पाहिजे. किटलेन्सने (कॅमेऱ्याबरोबर येते ती) १८ मिमीवर सुरुवात करा. नियम सोपा आहे, ५०० ला फोकल लेन्थने आणि क्रॉपने, म्हणजे ३५ मिमी फिल्मपेक्षा सेन्सर जितक्या पटीने लहान त्या आकड्याने (लहान सेन्सरच्या कॅननला १.६, निकॉनला १.५) भागायचं, जे येईल तेवढे सेकंद तारे ठिपक्यासारखे राहतात. १८ मिमीला १७ सेकंद. ५० मिमीला नियमाने ६ येतात पण झूम करून बघितलं तर शेपट्या दिसतात, मी ३-४ वरच थांबतो. ५० मिमी एफ १.८ लेन्स हीच या सगळ्यातली सगळ्यात वसूल वस्तू आहे, फक्त पूर्ण उघडी वापरू नका, कडेचे तारे उडत्या पाखरांसारखे येतात, एफ २.८ ला आणलं की बरेच आवरतात.

सेटिंग एकदाच नीट करून ठेवायचं. मॅन्युअल मोड, रॉ (कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ फाइल), आयएसओ १६००, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर अडकवून, लेन्सचं स्टॅबिलायझर बंद, लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन बंद. फोकस ही खरी डोकेदुखी. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर ठेवलं की झालं असं वाटतं, होत नाही, किटलेन्सवर तर ती खूणच नसते. व्याध किंवा दुसरा कुठला ठळक तारा मध्ये आणायचा, लाइव्ह व्ह्यू १० एक्स झूम, मग रिंग अगदी केसभर फिरवायची, तारा फुगलेल्या बुंदीसारखा दिसतो, बारीक होत होत टाचणीच्या टोकाएवढा होतो, अजून थोडं फिरवलं की परत फुगायला लागतो, तिथून मागे यायचं आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाकायची. मी एकदा पट्टी लावली नाही, कॅमेरा फिरवताना रिंगला अंगठा लागला, २०० फोटो घरी आल्यावर बघितले तर सगळ्या ताऱ्यांचे मेदूवडे!

वायरचा रिमोट घ्या, फार महाग नाही. शटर ४ सेकंद, ड्राइव्ह कंटिन्युअस, रिमोटचं बटण दाबून लॉक केलं की कॅमेरा आपोआप एकामागून एक घेत राहतो. मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ, एम ४२, असा ४ सेकंदांचे २०० फोटो काढून मिळतो, म्हणजे एकूण १३ मिनिटांचा प्रकाश. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही फोटो एकावर एक चढवायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट, त्यात टाकायचे. १०० फोटो चढवले की नॉईजच्या मानाने सिग्नल दहापट होतो, नुसत्या डोळ्याला जो धुरकट ठिपका दिसतो त्याला पंख फुटलेले दिसतात. फक्त लालभडक तेजोमेघांची आशा धरू नका, साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढची काच हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते, त्यामुळे घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ वगैरे आत्ता डोक्यातून काढा. एम ४२, देवयानीची दीर्घिका, कृत्तिका, आकाशगंगेचा पट्टा, एवढ्यात दोन हिवाळे आरामात जातात.

टेलिस्कोपला डीएसएलआर लावायचा विचार असेल तर माझा गाढवपणा ऐका. टी-रिंग आणि अडॅप्टर (कॅमेरा टेलिस्कोपला जोडायचे सुटे भाग) ऑनलाइन मागवला, विकणाऱ्याने कुठल्याही टेलिस्कोपला चालेल असं छातीठोक लिहिलेलं, बसलाही घट्ट, पण फोकसच येईना. फोकसर (फोकस जुळवायची सरकती नळी) पूर्ण आत ढकलला तरी चंद्र पिठाच्या गोळ्यासारखा. नंतर कळलं, डीएसएलआरचा सेन्सर आत खोल असतो, कॅननला माउंटपासून ४४ मिमी आणि वर अडॅप्टरचे ११, एवढं आत यायला न्यूटनियनच्या, म्हणजे माझ्यासारख्या आरशाच्या टेलिस्कोपच्या, फोकसरला जागाच नसते. मधे बार्लो घातली की फोकस येतो, नाहीतर मुख्य आरसा पुढे सरकवायचा. छोटा कॅमेरा आयपीसच्या जागी सरळ आत जातो, ही कटकट त्याला सहसा नाही. अडॅप्टरचे पैसे परत मिळाले नाहीत, सोडा.

आता इथल्या हवेचं. सेन्सर तापला की नॉईज वाढतो, साधारण दर ६ अंशांना दुप्पट. आपल्याकडे मे मधली रात्र डिसेंबरपेक्षा १०-१२ अंशांनी गरम असते, म्हणजे तोच कॅमेरा, तेच सेटिंग, नॉईज चौपट धरा. डीएसएलआरला यावर उपाय डार्क फ्रेम, त्याच रात्री तिथेच लेन्सला टोपी लावून त्याच सेटिंगचे २०-३० फोटो, सॉफ्टवेअर ते वजा करतं. घरी येऊन फॅनखाली काढलेले डार्क उपयोगाचे नाहीत. थंड करणारे कॅमेरे मिळतात पण ते २५ हजारांत बसत नाहीत, विषयच नको. छोट्या कॅमेऱ्याला ग्रहांसाठी ही उष्णता फारशी बाधत नाही कारण एकेक फ्रेम काही मिलिसेकंदांची असते, म्हणजे उन्हाळ्यात तो जिंकतो. धूळ मात्र दोघांनाही. माळावर वारं सुटलेलं असताना लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही, बदलायचीच असेल तर गाडीत बसून काचा वर करून.

जागा कुठली हेही कॅमेऱ्यावरच ठरतं. हिप्परग्याकडे तुळजापूर रोडला सगळे जातात, उत्तरेचं आकाश तिथे ठीक आहे, पण दक्षिणेला अख्खं सोलापूर उजळलेलं असतं. आकाशगंगेचा गाभा, वृश्चिक-धनू, दक्षिणेलाच चढतो, तोही ४३ अंशांपर्यंत, युरोपातल्या लोकांना हे मिळत नाही, आणि आपण तिथे मधोमध शहराचा उजेड घेऊन बसतो. त्यासाठी विजापूर रोडने मंद्रूपच्या पुढे जा, शहर पाठीमागे राहतं. तिथून ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा भलामोठा गुच्छही २५ अंशांपर्यंत वर येतो, एप्रिल-मे मध्ये, ५० मिमीनेही कापसाच्या बोंडासारखा दिसतो. जाताना जाडी चादर घ्या (आपल्याकडे चादरीला काय तोटा), लॅपटॉपचा उजेड झाकायला ती डोक्यावरून घेता येते आणि ट्रायपॉडला वजन म्हणून पाण्याचा कॅनही तिच्यात बांधून लटकवता येतो.

पुढे ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारी मोटर) घ्यायची वेळ आलीच तर एक लक्षात असू दे, तो आधी ध्रुवाकडे रोखून लावावा लागतो, आणि ध्रुव आपल्याकडे जेमतेम १७-१८ अंशांवर असतो, हात लांब करून दोन मुठी पण नाही. माझ्या गच्चीवरून तो शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे आहे, मोकळं माळरान लागतंच.

तर त्या पोराला मी सांगितलं, टेलिस्कोप घरात असता आणि गच्चीवर प्लग आणि बरा लॅपटॉप असता तर छोटा कॅमेरा घे म्हटलं असतं, डोळे झाकून. टेलिस्कोप नाही ना, मग सेकंड हँड डीएसएलआर, ५० मिमी लेन्स, आणि ट्रायपॉड जरा जड घे, ट्रायपॉडात पैसे वाचवू नको. यात घरच्या बारशाचेही फोटो निघतात, आईचा विरोध कमी होतो. पुढे टेलिस्कोप आला की ग्रहांचा कॅमेरा घेता येईल, तेव्हाही डीएसएलआर पडून राहत नाही. उलटं केलं तर छोटा कॅमेरा डब्यात पडून राहणार.

रविवारी आम्ही दोघं जाऊन एक जुना बघून आलो. मी लेन्सला टोपी लावली, आयएसओ १६००, ३० सेकंद, आणि आलेला काळा फोटो झूम करून कोपऱ्याकोपऱ्यात लाल-निळे ठिपके शोधत बसलो, थोडे असतातच, पण ठिपक्यांचा सडा दिसला तर सोडून द्यायचा. मग एफ २२ ला पांढऱ्या भिंतीचा एक, सेन्सरवरची धूळ बघायला, आणि लाइव्ह व्ह्यूचा १० एक्स झूम चालतो का तेही. दुकानदार बराच वेळ बघत होता, शेवटी न राहवून पोराला म्हणाला, तुझे काका टोपी काढायला विसरलेत रे.