घाटात तापणारी जुनी पिकअप: पितळी रेडिएटर राखावा की ॲल्युमिनियमचा बसवावा?

टाटा 207 किंवा महिंद्राच्या जुन्या पिढीतील पिकअप घाटात तापू लागली की मालकाला दोन सल्ले मिळतात: आहे तो रेडिएटर रॉडिंग करून (नळ्यांत सळई फिरवून साफ करून) घ्या, नाहीतर ॲल्युमिनियमचा नवा बसवा. निवड करण्यापूर्वी दोष रेडिएटरचाच आहे याची खात्री करून घ्यावी. रहदारीत अडकल्यावर तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा निवणारी गाडी बहुधा पंखा, बेल्ट किंवा फॅन क्लच (पंखा इंजिनला जोडणारा भाग) यांपायी त्रास देत असते. याउलट चिपळूणहून माल भरून कुंभार्ली घाट चढतानाच तापमानाचा काटा वर जात असेल, तर रेडिएटरची जाळी (नळ्या आणि पातळ पत्र्यांचा मधला भाग) चोंदल्याचा संशय अधिक. थंड इंजिन रेडिएटरचे झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यात बुडबुडे येतच राहिले, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधली सील) तपासावे, अन्यथा रेडिएटरवरचा खर्च वाया जाईल.

आपल्या गाडीत कोणता रेडिएटर आहे हे ओळखण्यासाठी टाकीवरचा काळा रंग किंचित खरवडावा. खाली पिवळे पितळ दिसले तर तो तांब्या-पितळेचा, म्हणजे टाकी पितळेची आणि जाळीत तांबे असलेला; यालाच पितळी रेडिएटर म्हणतात. टाकी प्लॅस्टिकची आणि कडेने दुमडून बसवलेली असेल तर जाळी ॲल्युमिनियमची समजावी. तांबे ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे दीडपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, म्हणून पितळी रेडिएटरच गाडी थंड ठेवतो असे अनेक जण ठामपणे सांगतात. हे पूर्ण खरे नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद ठेवता येतात, शिवाय तांब्याच्या जाळीतील कथील-शिशाचा सांधा उष्णतेला थोडा अडवतो. चांगल्या स्थितीतील दोन्ही रेडिएटर पिकअपला पुरतात.

खरा फरक दुरुस्तीत आहे. पितळी टाकीचा डाख (कथील-शिशाचा सांधा) सोडवून ती उघडता येते, एकेका नळीतून सपाट सळई फिरवून क्षार काढता येतो, गळणाऱ्या नळीला डाख देता येतो, आणि जाळी संपलीच असेल तर जुन्या टाक्यांना नवी जाळी लावता येते. रॉडिंगला मात्र मर्यादा आहे: जाळीच्या पातळ पत्र्या बोट लावताच चुरा होऊन पडत असतील, तर नळ्या आतून कितीही साफ केल्या तरी उष्णता हवेत जाणार नाही. अशा जाळीवर दुसऱ्यांदा रॉडिंग करणे मला पैशाचा अपव्यय वाटतो. तेथे सरळ नवी जाळी घालावी. प्लॅस्टिकची टाकी तडकली तर तिला डाख देता येत नाही, आणि वरून लावलेला लेप घरी पोहोचण्यापुरताच धरावा.

पाण्याचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. बोअरचे जड पाणी नळ्यांत थर धरते आणि कूलंटविना (पाण्यात मिसळायच्या गंजरोधक द्रवाविना) इंजिनचा लोखंडी ब्लॉक गंजून तोच गंज नव्या जाळीत जाऊन बसतो; म्हणून कोणताही रेडिएटर बसवण्यापूर्वी ब्लॉक उलट्या दिशेने धुऊन घेणे आवश्यक आहे. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घातल्यास मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, ज्याचा महाराष्ट्रात उपयोग शून्य; आपल्याला हवे असते ते त्यातील गंजरोधक. उकळण्याचा बिंदू वाढवण्याचे मोठे काम झाकण करते: 0.9 बारचे झाकण तो सुमारे 20 अंशांनी वर नेते, त्यामुळे सैल स्प्रिंगचे झाकण आधी बदलावे. ते तापलेल्या गाडीवर कधीही उघडू नये.

टाक्या शाबूत असतील आणि जवळ डाखकाम जाणणारा कारागीर असेल, तर पितळी रेडिएटरला नवी जाळी घालणे मी पसंत करीन. चालकाला वाटेत ढाब्यावरचे पाणी ओतण्याची सवय असल्यास हाच पर्याय त्यातल्या त्यात सोसणारा आहे. असा कारागीर मिळत नसेल किंवा गाडीत मुळातच ॲल्युमिनियमचा रेडिएटर असेल, तर नवा ॲल्युमिनियमचाच घ्यावा. परंतु त्यात कायम कूलंट ठेवण्याची तयारी हवी.

गाडी तापते म्हणून अनेक गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलेला असतो. दोन्ही पर्यायांत तो परत बसवून घ्यावा. त्याच्याविना सपाट रस्त्यावर इंजिन गरजेपेक्षा थंड राहते आणि डिझेल अधिक जळते.