ईमॅक्सच्या मदतीत कोणती की दिसावी: कीमॅपचा क्रम की ‘अ‍ॅडव्हर्टाइज्ड-बाइंडिंग’?

‘अंडू’साठी, म्हणजे शेवटचा बदल मागे घेण्यासाठी, ईमॅक्स या मजकूर-संपादकात कंट्रोल-स्लॅश, कंट्रोल-अंडरस्कोर आणि कंट्रोल-एक्स यू अशा तीन वाटा आहेत. मदतीच्या मजकुरात आणि मेनूत मात्र एकच छापली जाते. ती बदलायची तर कशी?

पहिला उपाय म्हणजे सेटिंगच्या फाइलमधल्या ‘डिफाइन-की’च्या, म्हणजे कमांडला की बांधणाऱ्या, ओळी मागेपुढे करून कीमॅपचा (कोणती की कोणती कमांड चालवते त्या नोंदींचा) क्रम बदलणे. दिसतो सोपा, पण बेभरवशाचा. की आधीच कीमॅपमध्ये असेल, तर तीच ओळ पुन्हा चालवल्याने जागा बदलत नाही, नोंद आहे तिथेच नवी होते. ‘पूर्ण’ प्रकारच्या कीमॅपमध्ये साधी अक्षरे तक्त्यात बसतात, तिथे ओळींच्या क्रमाला अर्थच नसतो. शिवाय आज जमलेला क्रम उद्या कुणी फाइल नीटनेटकी केली की बिघडतो.

दुसरा उपाय: कमांडच्या चिन्हावर (लिस्प भाषेतल्या तिच्या नावावर) ‘पुट’ या फंक्शनने ‘अ‍ॅडव्हर्टाइज्ड-बाइंडिंग’ हा गुणधर्म (नावाआधी अपूर्णविराम हवाच) लावून हवी ती की द्यायची. ‘अंडू’ला ईमॅक्स स्वतःच असे कंट्रोल-एक्स यू नेमून देतो. एका कीऐवजी यादीही चालते. पहिली की चालू मोडने दुसऱ्या कमांडसाठी बळकावली असेल तर पुढची तपासली जाते. की त्या कमांडला खरोखर बांधलेली नसेल, तर गुणधर्म गुपचूप दुर्लक्षिला जातो. चूक बहुधा इथेच सापडते.

एक मर्यादा: कंट्रोल-एच डब्ल्यू एखाद्या कमांडच्या सगळ्या कींची यादी देतो, तिचा क्रम याने हलत नाही. तरी या दोन उपायांपैकी आम्ही दुसरा, गुणधर्माचा, उपायच निवडू.