संगीताच्या खोलीत कोणतं छापचित्र लावावं: होगार्थचं की गोयाचं?

गाणं-बजावणं चालतं त्या खोलीसाठी अठराव्या शतकातलं गमतीचं छापचित्र शोधत असाल, तर माझ्या मते खरी निवड दोनच चित्रांत आहे: विल्यम होगार्थचं ‘संतापलेला वादक’ (लंडन, १७४१) आणि फ्रान्सिस्को गोयाचं ‘ब्राव्हिसिमो’ (माद्रिद, १७९९). फ्रेंच चित्रकार बूशेच्या चित्रांवरून पॅरिसमध्ये निघालेली गुबगुबीत पंखवाली बाळंही मिळतात. गोड आहेत, पण एका नजरेत संपतात.

होगार्थकडे नुसता कल्ला आहे. खिडकीत केसांचा टोप घातलेला व्हायोलिनवादक दोन्ही कान दाबून उभा. खाली डोक्यावर चरवी घेतलेली दूधवाली, सुऱ्यांना धार लावणारा, ढोल बडवणारं पोर, खुळखुळा घेतलेली मुलगी, ओबो हे सनईसारखं वाद्य वाजवणारा. छपरावर मांजरांची जुंपलेली. भिंतीवर ‘बेगर्स ऑपेरा’ या इंग्रजी संगीत नाटकाची जाहिरात आहे, आणि ती उगाच नाही. त्यातली बरीच गाणी लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवर बांधलेली होती. म्हणजे रस्त्यालाही त्याचं गाणं आहे, हे होगार्थ सुचवतो. मात्र सगळं काम बारीक रेघांचं. छोटं छापलंत तर गिचमिड होते.

गोयाच्या चित्रात माकड गिटार वाजवतंय, समोर गाढव तल्लीन, मागे दोघे टाळ्या पिटतायत. ‘गाढवाला गुळाची चव काय’ म्हणून आपण पुढे जाणार, तेवढ्यात गिटारकडे लक्ष जातं. ती उलटी धरली आहे! बोटं मागच्या लाकडावर, तारा पलीकडे. सूर निघतच नाही आणि वाहवा चाललीय. १७९२-९३च्या आजारपणात गोयाला बहिरेपण आलं होतं. दाद खरी की खोटी, हे त्याला चेहऱ्यांवरूनच ताडावं लागत असणार. म्हणून मला हे चित्र जास्त बोचतं. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून आम्लाने आणलेली काळपट छटा मागे असल्याने आकृत्या उठून दिसतात. मूळ चित्र जेमतेम ए-फाइव्ह कागदाएवढं, त्यामुळे छोट्या चौकटीतही खुलतं.

मुलांचा क्लास असेल तर होगार्थ, आणि मोठाच छापा. मुलांना दर वेळी नवं काही सापडेल. (त्यात एक पोरगा उघड्यावर लघवी करतोय, हे आधी पाहून ठेवा.) श्रोते जमतात अशी बैठकीची खोली असेल तर गोयाच घ्या, आणि वाजवणाऱ्याला समोर दिसेल अशा भिंतीवर लावा. दोन्ही चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात.