‘२१ दिवसांत अंगदुखी मुळापासून’: फायब्रोमायल्जियाच्या पेशंटला कसं फसवलं जातं

ठाण्यात घोडबंदर रोडच्या नाहीतर नवी मुंबईत सीवूड्सच्या एखाद्या सोसायटीत रविवारी सकाळी ‘मोफत वेदना तपासणी शिबिर’ लागतं. टेबलावर लॅपटॉप आणि वायर जोडलेली धातूची दांडी. फायब्रोमायल्जिया, म्हणजे महिनोन्‌महिने अंगभर दुखत राहण्याचा आजार, असलेली बाई तिथे जाते तेव्हा तिच्या पिशवीत एक्स-रे, थायरॉइड, आरए फॅक्टर (आमवाताची रक्ततपासणी) असे सगळे नॉर्मल रिपोर्ट असतात. घरी एकच प्रश्न असतो, ‘सगळं नॉर्मल आहे, मग दुखतंय काय?’ फसवणारा नेमका इथे हात घालतो. तो तिला सांगतो, ‘ताई, तुमचं दुखणं खरं आहे.’ हे वाक्य खरं असतं, म्हणूनच पुढचं खोटं खपतं.

दांडी मुठीत धरली की मिनिटभरात ‘नस दबली’, ‘हाडातलं कॅल्शियम कमी’, ‘शरीरात विष साचलं’ असा जाडजूड रिपोर्ट छापून येतो. तळहाताच्या त्वचेतून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहावरून यातलं काहीही कळत नाही. फायब्रोमायल्जियात बिघाड मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात त्यात असतो. सांधे, स्नायू फोटोत धडधाकट दिसतात. निदान होतं ते किमान तीन महिने टिकलेली, अंगभर पसरलेली दुखणी, झोप, थकवा आणि विसराळूपणा नीट विचारून, तपासून. त्याला वेळ देणारा संधिवाततज्ज्ञ लागतो.

दुसरी पायरी: ‘उद्या मिस्टरांना घेऊन सेंटरवर या.’ तिथे नवऱ्यासमोर विचारतात, ‘वहिनींना जवळ येणं नको वाटतं ना?’ तो गप्प होतो, ती मान खाली घालते, आणि पॅकेज विकलं जातं. या आजारात साधा स्पर्शही दुखू शकतो, थकवा आणि मोडलेली झोप इच्छा मारतात. या आजारावर डॉक्टर देतात त्या ड्युलॉक्सेटिनसारख्या औषधानेही इच्छा कमी होऊ शकते, आणि ते डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं. सेंटरवर मात्र यावर ‘दांपत्य कोर्स’ असतो: तिला पुडी, त्याला कॅप्सूल. अशा ‘शक्तिवर्धक’ कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जीवघेणा घसरतो.

पुडीबद्दल जास्त सांगायला हवं. तिला लेबल नसतं. आयुर्वेदिक औषधालाही उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, घटक, उत्पादकाचा पत्ता छापणं बंधनकारक आहे. ‘आमच्या गुरुजींचा गुप्त फॉर्म्युला’ हे उत्तर नाही. अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मिसळलेलं आढळतं. फायब्रोमायल्जियावर स्टेरॉइडचा उपयोग नाही. पण सुरुवातीला अंगात तरतरी येते, भूक वाढते, आणि पुडीनेच गुण आला असं वाटतं. पुढे चेहरा सुजतो, साखर आणि बीपी चढतं, जरा लागलं तरी काळंनिळं पडतं, पोटात व्रण होतात, किडनीवर ताण येतो. काही आठवडे घेतलेली पुडी संशय आला म्हणून एकदम बंदही करू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असू शकतं. उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणं सुरू होतं. पुडी सोबत नेऊन त्याच दिवशी एमडी मेडिसिन डॉक्टरांना गाठा.

पैशाची पायरी सगळ्यात चलाखीची. समजा, पॅकेज ६०,००० रुपयांचं आहे. ‘फक्त ५,००० चा हप्ता, बारा महिने’ म्हणत आधार, पॅन आणि ओटीपी मागतात. ओटीपी दिला की ते फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. रक्कम सेंटरला मिळून जाते. सेंटरला टाळं लागलं तरी हप्ता कापला जातोच. मग घरात भांडण, ‘तुझ्या दुखण्यापायी’. डिजिटल कर्ज मोडायला किमान एक दिवसाची मुदत द्यावीच लागते. करारातली ती तारीख त्याच रात्री दोघांनी मिळून शोधा.

खऱ्या उपचारात ‘मुळापासून’ हा शब्द कुणी वापरत नाही. व्यायामाला सर्वात भक्कम पुरावा आहे: ठाण्याच्या तलावपाळीला किंवा नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात पाच मिनिटं चालून सुरुवात, दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढ. बरं वाटलं म्हणून एकदम अर्धा तास चाललात तर पुढचे दोन दिवस अंथरुणात. डॉक्टर रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिलीग्रॅमपासून देतात, किंवा प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिन. परिणाम कळायला काही आठवडे लागतात. जवळीक रात्री अकराला, दिवसभराचा थकवा घेऊन, जमेलच असं नाही. सुट्टीची दुपार, आधी गरम पाण्याने अंघोळ, गुडघ्याखाली उशी, आणि ‘इथे नको’ म्हटलं की लगेच थांबणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. याला पैसे लागत नाहीत, म्हणून कुठलंही सेंटर ते सांगत नाही.

फसलाच असाल तर पुडी, कॅप्सूल, बॅनरचा फोटो, कच्ची पावती, व्हॉट्सॲपवरचे मेसेज काहीही टाकू नका. संधिवात किंवा लैंगिक दुर्बलता बरी करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. पैशासाठी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात. मुदत दोन वर्षं, आणि तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ओटीपी घेऊन न सांगता कर्ज काढलं असेल तर १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर त्याच तासात फोन.